‘झालंय’ आणि ‘केलंय’ : जादूटोण्याची भाषा व जुन्या आशियाई भयपटांतील अतिरेक

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हिमायतनगर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. त्याचे जुने नाव वाढोणा. उत्तरेस पैनगंगा, तिच्या पलीकडे विदर्भ, पूर्वेस किनवटचे रान आणि त्यापुढे तेलंगण अशी त्याची चतुःसीमा आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली तरी बोलींचा शेजार तसाच राहिला. मराठी, दख्खनी उर्दू, तेलुगू, बंजारा समाजाची गोरबोली आणि किनवट-माहूरकडील गोंडी व कोलामी या भाषा येथे एकमेकींच्या कानावर पडत आलेल्या आहेत. जादूटोण्यासारख्या विषयाचा शब्दसंग्रह अभ्यासावयाचा तर असा सीमाप्रदेश फार उपयुक्त ठरतो; कारण भीती ही सीमा मानीत नाही, आणि भीतीचे शब्दही मानीत नाहीत.

या शब्दसंग्रहाचा विचार येथे एका अनपेक्षित प्रयोजनाने करावयाचा आहे. १९७० ते १९९० या काळात हाँगकाँग, इंडोनेशिया आणि मुंबई येथे काळ्या जादूवरचे भयपट विपुल निघाले. तोंडातून जिवंत गोमी ओकणारी स्त्री, आतड्यांसह हवेत तरंगणारे शिर, मगरीच्या पोटात शिवलेले प्रेत ही त्यांतील नित्याची दृश्ये. समीक्षकांनी हे चित्रपट बहुधा हास्यास्पद म्हणून बाजूस सारले. वस्तुतः त्यांतील अतिरेकाला एक आकार आहे, आणि तो आकार जादूटोण्याच्या भाषेच्या व्याकरणातून स्पष्ट होतो. तेच व्याकरण खेड्यातील एका गंभीर सामाजिक प्रश्नाच्याही मुळाशी आहे.

१. ‘करणे’ या धातूचे कुल

मराठीत जादूटोण्याचा सर्वांत रूढ शब्द ‘करणी’ हा होय. तो ‘करणे’ या अत्यंत सामान्य क्रियापदापासून सिद्ध झाला आहे. कन्नडातील ‘माट’ हा शब्द ‘माडु’ म्हणजे करणे या धातूचा. तेलुगूतील ‘चेतबडि’ या शब्दातील ‘चेत’चे नाते करणे या अर्थाच्या ‘चेयु’ या धातूशी जुळते. दख्खनीत मंत्रतंत्र करणाऱ्यास ‘आमिल’ म्हणतात. हा शब्द ‘अमल’ म्हणजे कृती या अरबी शब्दाचा सगा. मलय भाषेत जादूने आलेल्या आजारास ‘बुआतान ओरांग’, म्हणजे ‘माणसाने केलेले’, असे म्हणतात. पोर्तुगीजांचा ‘फेतिसु’ लॅटिनमधील ‘बनविलेले’ या अर्थाच्या शब्दातून आला, आणि त्यापासूनच पुढे युरोपीय मानववंशशास्त्रातील ‘फेटिश’ ही संज्ञा निघाली. या सर्वांहून जुना पुरावा अथर्ववेदाचा आहे. त्यातील ‘कृत्या’ ही शत्रूने पाठविलेली घातक शक्ती ‘कृ’ धातूपासूनच नाव घेते, आणि ती ज्याने केली त्याच्याकडेच परत धाडण्याची सूक्ते त्या वेदात आहेत.

आर्य, द्राविड, सेमिटिक, मलय आणि रोमान्स अशा भिन्न कुलांतील व शाखांतील भाषांनी एकाच कल्पनेकडे वळावे, हा उसनवारीचा परिणाम म्हणता येत नाही. येथे समान आहे ती विचाराची रीत. जे घडले ते आपोआप घडले नाही, कोणीतरी केले, एवढेच हे शब्द सांगतात.

या कुलाच्या शेजारी दुसरे एक कुल आहे. ते ‘जाणणे’ या अर्थाचे. मराठीतील ‘जाणता’, संस्कृतातील ‘विद्या’, अरबीतील ‘इल्म’ ही त्याची उदाहरणे. दख्खनीतील ‘काला इल्म’ आणि इंडोनेशियातील ‘इल्मु हितम’ यांची रचना शब्दशः एक आहे. ‘हितम’ म्हणजे काळा. थाई भाषेत ‘मोन दाम’ म्हणजे काळा मंत्र, आणि त्यातील ‘मोन’ हे आपल्या ‘मंत्र’ शब्दाचेच रूप. इंडोनेशियात वशीकरणास ‘गुना-गुना’ म्हणतात. तो संस्कृत ‘गुण’ शब्दाचा वंशज आहे. औषधाने अथवा अंगाऱ्याने ‘गुण आला’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसास त्याची संगती सहज लागेल.

२. कर्ता नाही आणि कर्मही नाही

आता प्रत्यक्ष वाक्याकडे वळावे. ‘पोराला काहीतरी झालंय’ हे पहिले वाक्य. ‘पोराला कुणीतरी केलंय’ हे दुसरे. पहिले अकर्मक आहे. त्यात ताप, अशक्तपणा, मनाची व्यथा, सर्वांस जागा आहे. दुसऱ्यात क्रियापद सकर्मक झाले. म्हणून त्याला कर्ता हवा आणि कर्मही हवे. परंतु कर्त्याच्या जागी ‘कुणीतरी’ हे अनिश्चित सर्वनाम येते आणि कर्माची जागा रिकामीच राहते. काय केले हे वाक्य सांगत नाही. ऐकणारा मात्र लगेच समजतो, आणि तोही ते उच्चारीत नाही.

हा संकोच निषिद्धोच्चाराचा आहे. रात्री सापाचे नाव न घेता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात, त्याच जातीचा. ‘बाहेरचं आहे’ हा प्रयोगही तसाच. येथे तर क्रियाही गळाली आणि केवळ दिशा उरली. मारण, उच्चाटन, विद्वेषण, स्तंभन, वशीकरण ही तंत्रग्रंथांतील षट्कर्मांची नावे नेमकी आहेत, पण ती पोथीत राहतात. ओसरीवर चालते ते ‘केलंय’.

मराठवाड्यात विशेष प्रचलित असलेला ‘भानामती’ हा शब्द या दृष्टीने लक्षणीय आहे. तो कर्नाटक आणि तेलंगण यांच्या सीमाभागातही थोड्याफार फरकाने ऐकू येतो. हिंदीतील ‘भानमती का पिटारा’ या प्रयोगात भानमती ही खेळ करणारी जादूगारीण आहे. पेटाऱ्यातून नाना वस्तू काढून ती लोकांचे मन रिझविते. मराठवाड्यात त्याच नावाने अंगावरील कपडे पेटणे, घरावर दगड पडणे, अन्नात घाण निघणे, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटणे असे प्रकार ओळखले जातात. करमणुकीचा शब्द येथे भीतीचा झाला आहे. आणि तो दोन्ही क्रियापदांबरोबर चालतो : ‘घरात भानामती होते’ असेही म्हणतात, आणि ‘भानामती केली’ असेही म्हणतात. होणे आणि करणे यांच्यामधील उंबरठ्यावर हा शब्द उभा आहे.

३. कर्माची जागा भरणारा पडदा

भाषा जे रिकामे ठेवते ते चित्रपटास रिकामे ठेवता येत नाही. छायाचित्रक यंत्रास ‘काहीतरी’ दाखविता येत नाही. त्यास काही विशिष्ट वस्तू दाखवावीच लागते. काळ्या जादूच्या चित्रपटांतील अतिरेकाचे पहिले कारण हेच.

हाँगकाँगच्या शॉ बंधूंच्या संस्थेने १९७५ साली हो मेंग-हुआ याच्या दिग्दर्शनाखाली एक चित्रपट काढला. त्याचे चिनी नाव ‘जियांग-तोउ’, म्हणजे आग्नेय आशियातील जारणविद्येस चिनी लोकांनी दिलेले नाव. एक श्रीमंत विधवा एका तरुणावर वशीकरण करविते, हे त्याचे कथासूत्र. १९७६ साली त्याचा दुसरा भाग आला. पुढे १९८२ च्या सुमारास कीथ ली याच्या चित्रपटात गोमींचा शाप आला, आणि अभिनेत्रीने खरोखरीच जिवंत गोमी तोंडातून बाहेर काढल्या. १९८३ साली क्वेई चिह-हुंग याने जो चित्रपट केला त्यात मांत्रिक अन्न चावून ओकतात, ते पुन्हा खातात, आणि मगरीच्या पोटातून एक स्त्री जिवंत करून उठवितात. या चित्रपटाचे चिनी नाव ‘मो’ असे एकाक्षरी आहे. बौद्ध ग्रंथांची भाषांतरे करताना ‘मार’ हा संस्कृत शब्द चिनीत उतरविण्यासाठी जे अक्षर घडविले गेले ते हेच. षट्कर्मांतील ‘मारण’ आणि बुद्धास मोहविणारा ‘मार’ हे दोन्ही ‘मृ’ धातूचे. ती परंपरा अशा आडवाटेने हाँगकाँगच्या चित्रपटगृहात पोचली.

हा सारा मालमसाला अभूतपूर्व होता असे मात्र नव्हे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात बीभत्स रसाचे भेद सांगताना विष्ठा व कृमी यांपासून होणारा उद्वेग आणि रक्तादिकांपासून होणारा क्षोभ वेगळे केले आहेत. वर सांगितलेल्या चित्रपटांची दृश्ये या दोन कप्प्यांत बहुतेक बसतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौदावे अधिकरण शत्रुघाताच्या गुप्त प्रयोगांचे आहे. त्यातील एका चूर्णात ठिपक्यांच्या बेडकाबरोबर ‘शतपदी’, म्हणजे गोम, सांगितली आहे. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकात नायकास स्मशानात आणून भुतांना नरमांस विकावयास लावले, आणि त्याच अंकात अघोरघंट हा कापालिक मालतीचा बळी चामुंडेस देऊ पाहतो. आठव्या शतकातील हा वैदर्भीय नाटककार अतिरेकास भीत नव्हता. भेद इतकाच की नाटकात मांस शब्दांनी दिसते. पडद्यावर ते रंगाने दिसते.

अतिरेकास व्यापारी कारणेही होती. हाँगकाँगमध्ये वयोगटानुसार चित्रपटांचे कायदेशीर वर्गीकरण १९८८ साली आले. तोपर्यंत प्रेक्षक वेगळे करण्याची तशी व्यवस्था नव्हती, आणि एक चित्रपट दुसऱ्यावर कुरघोडी करण्यासाठी अधिक किळस शोधीत होता. मुंबईत सेन्सॉरमुळे ती वाट अरुंद होती. म्हणून रामसे बंधूंनी अतिरेक मुखवट्यात, धुक्यात, विजांच्या कडकडाटात आणि ध्वनीत साठविला. ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२) पासून ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) आणि ‘बंद दरवाज़ा’ (१९९०) पर्यंत त्यांच्या चित्रपटांचा मोठा आधार लहान गावांतील प्रेक्षक हाच होता.

४. कर्ता नेहमी बाहेरचा

कर्माप्रमाणेच कर्त्याची जागाही चित्रपटास भरावी लागते. ‘कुणीतरी’ यास चेहरा द्यावा लागतो. येथे सर्व देशांतील चित्रपट एकच युक्ती योजतात. कर्ता हा धंदेवाईक मांत्रिक असतो, आणि तो दूर राहतो.

हाँगकाँगच्या चित्रपटात जादू हाँगकाँगची नसते; ती मलायातील अथवा थायलंडमधील असते. मलाया, सिंगापूर व थायलंड येथील चिनी वस्ती ही शॉ संस्थेची महत्त्वाची बाजारपेठ होती, त्यामुळे कथानक तिकडे नेण्यात सोयही होती. पण व्यापाराहून खोल असे कारण भाषेत आहे. मराठी माणूस बंगालच्या जादूचे आणि कामरू देशाचे नाव घेतो. पुण्या-मुंबईचा माणूस भानामतीसाठी मराठवाड्याकडे बोट दाखवितो. प्रत्येकाची जादू शेजारच्या मुलखात असते. ‘बाहेरचं आहे’ या प्रयोगातील ‘बाहेर’ म्हणजे हेच.

ही देवघेव एकमार्गी नव्हती. सिंगापूरच्या कॅथे-केरिस संस्थेचा ‘पोन्तियानाक’ (१९५७) हा मलय भयपटांच्या परंपरेचा आरंभबिंदू मानला जातो. त्याचे दिग्दर्शक बी. एन. राव हे भारतीय होते. पोन्तियानाक म्हणजे बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचे भूत. मराठीतील हडळ आणि अळवंत यांची ती बहीण. ‘पुराना मंदिर’मध्येही शाप आहे तो घराण्यातील स्त्रियांना बाळंतपणातच मरण येण्याचा. तसेच त्यातील सामरी या राक्षसाचे शिर धडापासून वेगळे करून पेटीत बंद केले जाते, तर इंडोनेशियातील ‘लेआक’ (१९८१) या चित्रपटात विद्या शिकावयास आलेल्या परदेशी तरुणीचे शिर आतड्यांसह धड सोडून उडते. बाळंतपणाची भीती आणि शिर व धड यांची फारकत हे दोन विषय मुंबईपासून बालीपर्यंत समान आहेत. ज्या समाजांत बाळंतपण हे स्त्रीच्या मृत्यूचे नित्याचे कारण होते, त्या समाजांनी त्या मृत्यूस कर्ता शोधला, असा याचा अर्थ लावता येतो.

मराठी सृष्टीत या विषयास निराळे वळण लागले. दादासाहेब फाळके स्वतः ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोग करीत; ‘फाळके’ हीच अक्षरे त्यात उलटी फिरविली आहेत. प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) मध्ये नाथपंथी सिद्धीचे चमत्कार होते, परंतु तेथे अद्भुत रस प्रधान. विकास देसाई व अरुणा राजे यांच्या ‘गहराई’ (१९८०) या हिंदी चित्रपटाच्या लेखनात विजय तेंडुलकरांचा सहभाग होता. त्यात बापाने गावाकडील जमीन विकल्यावर घरातील मुलगी झपाटली जाते. मांत्रिकांची रांग लागते, पण भीतीचे मूळ घराच्याच जुन्या अपराधाकडे जाते. कर्ता बाहेर शोधावा की आत, हा प्रश्न तो चित्रपट शेवटपर्यंत सोडीत नाही. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये मंत्राच्या बळावर मेलेल्या गुन्हेगाराचा आत्मा बोलक्या बाहुल्यात शिरतो. तेथे भय आणि विनोद एकत्र नांदतात, आणि भानमतीचा शब्द ज्या पेटाऱ्यातून निघाला त्या खेळाकडे जादू परत जाते.

५. जेव्हा जागा गावात भरली जाते

आतापर्यंतचे विवेचन करमणुकीपुरते राहिले असते. तसे ते राहत नाही, कारण ‘केलंय’ या क्रियापदाच्या कर्त्याची जागा चित्रपटाबाहेरही भरली जाते. तेथे ‘कुणीतरी’च्या ठिकाणी येते ते दूरच्या मांत्रिकाचे नाव नव्हे. येते ते शेजारणीचे, भावकीतल्या माणसाचे, एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे. चित्रपटातील मांत्रिक गुहेत राहतो आणि अखेरीस धूर होऊन जातो. गावातील आरोपित मात्र त्याच आळीत राहते, तिला त्याच पाणवठ्यावर जावे लागते.

हा भेद एका चित्रपटास नेमका उमगला होता. लिलिक सुजियो दिग्दर्शित ‘रातु इल्मु हितम’, म्हणजे ‘काळ्या विद्येची राणी’ (१९८१), हा इंडोनेशियन चित्रपट त्यातील शरीरविटंबनेच्या दृश्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यात एक मनुष्य स्वतःच्या हातांनी स्वतःचे शिर उपटतो. परंतु त्याचा आरंभ वेगळाच आहे. एका लग्नात नवरीला विकृत भास होऊ लागतात. नवरा मुलगा, ज्याने पूर्वी मुर्नी नावाच्या तरुणीस फसविलेले असते, तो तिचेच नाव घेतो. गावकरी तिचे घर जाळतात आणि तिला कड्यावरून लोटतात. मुर्नी तोपर्यंत निरपराध असते. जारणविद्या ती शिकते ती त्यानंतर. म्हणजे चेटकीण ही आरोपाने घडविली जाते. प्रथम वाक्य उच्चारले गेले, मग त्या वाक्याचा कर्ता निर्माण झाला.

जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखवून दिले की काही वाक्ये वर्णन करीत नाहीत, ती कृती करतात. ‘तिनेच केलंय’ हे तशा जातीचे वाक्य आहे. ते खरे की खोटे हे तपासण्याआधीच त्याचा परिणाम होऊन गेलेला असतो. महाराष्ट्राच्या कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे खटपट केली, त्याचा वटहुकूम २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर त्याच महिन्यात निघाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने तो अधिनियम म्हणून संमत केला. त्याच्या अनुसूचीत नरबळी आणि अघोरी उपचार तर आहेतच. पण अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते किंवा मंत्राने जनावरांचे दूध आटविते असे भासवून तिच्याविषयी संशय निर्माण करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. लक्षणीय गोष्ट ही की येथे कायदा जादूच्या सत्यासत्यतेच्या वादात शिरत नाही. तो रिकाम्या कर्त्याच्या जागी माणसाचे नाव घालण्यास मनाई करतो.

भानामतीच्या बाबतीत अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांचा अनुभवही याच दिशेचा आहे. कपडे पेटणे किंवा फुल्या उमटणे यांमागे त्यांना वारंवार मानवी हात आढळला, आणि पुष्कळदा तो त्याच घरातील एखाद्या कोंडलेल्या, कोणाशी बोलू न शकणाऱ्या जिवाचा होता. म्हणजे कर्ता असतो. पण तो बाहेरचा नसतो, आणि त्याला गरज असते ती उपचाराची व आधाराची. त्याचे नाव चव्हाट्यावर येणे हाही नवा अन्यायच. म्हणून सुज्ञ कार्यकर्ते ते उघड करीत नाहीत.

६. उपसंहार

काळ्या जादूच्या जुन्या चित्रपटांतील अतिरेक हा केवळ दिग्दर्शकांच्या विकृत अभिरुचीचा परिपाक नव्हे. भाषेने भीतीपोटी मोकळ्या ठेवलेल्या दोन जागा, कर्माची आणि कर्त्याची, दृश्यांनी भरण्याच्या अट्टाहासातून तो जन्मास आला. गोम, कृमी, उडते शिर हे त्या अनुच्चारित कर्माचे पडद्यावरील प्रतिनिधी. दूरदेशीचा मांत्रिक हा अनुच्चारित कर्त्याचा. पडद्यावर ही भरती सर्वांदेखत, खोट्या रक्ताने होते आणि खेळाबरोबर संपते, म्हणून प्रेक्षक हसतोही. अतिरेकाने विश्वास वाढतो की विरघळतो, याचे एकच उत्तर नाही; ते पाहणाऱ्याच्या घरी त्या दिवशी काय घडले आहे यावर अवलंबून राहील.

भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष त्याहून लहान गोष्टीवर असावे. ‘पोराला काहीतरी झालंय’ असे म्हणणारी आई जोपर्यंत ‘झालंय’ म्हणते, तोपर्यंत दवाखान्याची वाट मोकळी असते. ‘केलंय’ म्हणताच ती वाट देवऋषाकडे वळते, आणि पुढे एखाद्या शेजारणीच्या दारापर्यंत जाते. या दोन क्रियापदांमधील स्थित्यंतर कोणत्या क्षणी, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल होते, याची पद्धतशीर नोंद हिमायतनगरसारख्या बहुभाषिक परिसरात मराठी, दख्खनी आणि तेलुगू या तिन्हींतून घेतली गेल्यास ती बोलीविज्ञानास उपकारक होईल. आजाऱ्याच्या घरी जाणाऱ्या परिचारिकेस, शिक्षकास आणि पोलीस पाटलासही तिचा उपयोग होईल. कारण समोरचा माणूस अजून ‘झालंय’ म्हणतो आहे की ‘केलंय’ म्हणू लागला आहे, हे ओळखता आले तर बोलण्यास अद्याप किती अवकाश आहे ते त्यांना कळेल.